समितीच्या सभेत बसायची परवानगी

"फोटो झाला ना, मॅडम? मग चहा बाहेर घ्या," सभापती म्हणाले. शिपायाने माझा कप उचलून दाराबाहेरच्या बाकावर नेऊन ठेवला. मी कपामागून निघाले.

पेणपासून रोह्यापर्यंतच्या बातम्या करण्यात माझी बरीच वर्षं गेली. आमच्याकडच्या एका नगरपरिषदेत ही रीतच होती. सगळ्या नगरसेवकांची सर्वसाधारण सभा लोकांना बघता येते. खरी चर्चा पाच-सहा जणांच्या समितीत होते, आणि तिथे पत्रकाराला फक्त फोटोपुरतं आत घ्यायचं. बातमी मग व्हॉट्सॲपवर तयार यायची. आमच्यातले बरेच जण ती तशीच छापायचे.

बाकावर जनाबाई बसल्या होत्या. खाडीकाठच्या गावातून येऊन त्या मार्केटमध्ये सुकी मासळी विकत. मार्केट पाडून कॉम्प्लेक्स बांधायचं आणि मासळीवाल्यांना हायवेपलीकडे पाठवायचं, हाच विषय आत चालला होता.

"तिथं कोण गिऱ्हाईक येनार गो? आमचं ऐकायला तरी आत घ्यायला नको?"

मला संताप आला.

मी मुख्याधिकाऱ्यांकडे गेले. "सर, आम्हाला बसू द्यायला मनाई आहे का?"

"बसू द्यायची सक्तीही नाही. सभापतींशी बोला."

सभापती हसण्यावारी नेत होते. मग मी दर सभेला बंद दार आणि बाकावरच्या जनाबाई असा फोटो छापायला लागले. गावात हसं व्हायला लागलं तेव्हा परवानगी मिळाली. पत्रकार बसतील, आणि ज्यांचा विषय आहे ते लोकही. मी ऑफिसात पेढे वाटले.

पुढच्या सभेला जनाबाई ठेवणीतली साडी नेसून आल्या, सोबत आणखी दोघी. लिपिकाने मार्केटचा विषय वाचला.

"मंजूर?"

"मंजूर."

चहा यायच्या आत सभा संपली.

"झाली?" जनाबाईंनी मला विचारलं. "आमी कधी बोलायचं?"

जिन्यात एका सदस्याला गाठलं. तो अजिबात ओशाळला नाही. "चर्चा काल झाली ना, खांब गावाला, सभापतींच्या फार्महाऊसवर. मटण होतं. तुम्ही समोर बसल्यावर मोकळं बोलता येतं का, मॅडम?"

जनाबाईंनी वर, जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार केली. सुनावणीला मीही गेले. साहेबांनी ठराव वाचून दाखवला: 'पत्रकार व संबंधित विक्रेत्यांच्या उपस्थितीत, कोणतीही हरकत न येता मंजूर.'

"तुम्ही हजर होतात. मग बोलला का नाहीत?"

"विचारलंच नाय कुनी," जनाबाई म्हणाल्या. तक्रार निकाली निघाली.

आता त्या हायवेपलीकडे बसतात. दुपारपर्यंत भवानी होत नाही. माझ्यावर त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या मला बसायला गोणपाट देतात.

नव्या पत्रकारांना मी एवढंच सांगते, सभेत खुर्ची मिळाली म्हणून हुरळून जाऊ नका. आदल्या दिवशी सगळे कुठे जेवले, ते आधी शोधा.