चिंचेने घासलेली मरियम

मैत्रिणींनो, दुपारी घडलेलं मनातून जात नाही, म्हणून सायबर कॅफेत येऊन तुम्हा सगळ्यांना मेल करतेय.

माझी आई इथे पनवेलमध्ये एका निवृत्त टीचरकडे कामाला जाते. त्यांच्याकडे मरियम आणि बाळ येशूची काळपट ब्राँझची मूर्ती आहे, शंभर वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये घडवलेली. नाताळ जवळ आला म्हणून आईने आज ती आपल्या देवांसारखी चिंचेने घासली. मी आईला न्यायला तिथे पोचले तेव्हा मरियमचा चेहरा पिवळाधमक झाला होता, बाळ येशू अजून काळाच होता.

"आई, तो काळा रंग मुद्दाम दिलेला असतो! एवढंही कळत नाही तुला?"

"देव हाय ना? मंग काला कशाला ठेवाचा?" आई म्हणाली, पण हातातली चिंच तिने लपवली. बारा वर्षांचं काम सुटणार, असं दोघींनाही वाटलं.

टीचर आल्या. मी इंग्रजीतून माफी मागायला लागले. त्यांनी मला थांबवलं आणि मरियमच्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं.

"आजोबांची मूर्ती आहे. वाईट वाटतंय," त्या आईला म्हणाल्या. "पण तुम्ही देव समजून घासलीत. उद्या नेहमीच्या वेळेला या."

"बाल काला ऱ्हायला, टीचर."

"त्याला राहू द्या तसाच, बाई!" दोघी हसल्या.

मी हसू शकले नाही. घरातली पहिली पदवी माझी, आणि आईला सगळ्यांत कडू मीच बोलले. अजून तिची माफी मागितलेली नाही. तुम्ही आईची माफी कशी मागता?