खंडेनवमीची साफसफाई आणि चालतं कर्नेल

"साळवे, एका सर्व्हरमध्ये इतकी कर्नेलं? भंगाराचं दुकान टाकायचंय का?"

आमचे प्लँट हेड जाधव साहेब माझ्या स्क्रीनवर बोट आपटत होते. खंडेनवमी जवळ आली की चिकलठाण्यातल्या आमच्या कारखान्यात साफसफाईचं वारं सुटतं. कपाटं झाली, रॅक झाले, आता साहेब माझ्या ताब्यातल्या, मशिनं चालवणाऱ्या लिनक्स सर्व्हरपर्यंत पोचले होते.

कर्नेल म्हणजे कॉम्प्युटर आणि त्यावरचे प्रोग्राम यांच्यातला मधला माणूस. अपडेट केलं की नवं येतं, पण जुनंही शेजारी बसून राहतं. सर्व्हर सुरू होताना त्यातलं एक निवडता येतं. फार साठली की जागा भरते, म्हणजे साहेबांचं निम्मं बरोबर होतं. त्यांचं नेहमी निम्मंच बरोबर असतं.

"साहेब, नवं टाकलंय, पण त्यानंतर सर्व्हर बंदच केला नाही. सध्या चालतंय ते जुनंच. पार्टवर नंबर टाकणाऱ्या मार्किंग मशीनचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, फक्त त्यावर चालतो. नव्यासाठी मागितला, तर मशीनवाले म्हणतात, प्रोसेसमध्ये आहे."

"नवं ते नवं! तेच आधी सुरू झालं पाहिजे. बाकी सगळं उडवा."

एवढ्या ज्ञानापुढं आपण काय बोलणार? नवं पहिल्या नंबरला लावलं, फालतू होती ती काढली. चालतं जुनं मात्र गुपचूप ठेवलं आणि "साफसफाई झाली" म्हणून सांगितलं.

खंडेनवमीला आमच्याकडं सगळी मशिनं बंद करतात, पूजा झाली की मगच चालू. सर्व्हरलाही झेंडूचा हार पडला. साहेबांनी नारळ फोडला, मी बटण दाबलं. साहेब स्क्रीनकडंच बघत होते, त्यामुळं जुनं निवडता आलं नाही. नवं कर्नेल दिमाखात सुरू झालं आणि मार्किंग मशीन ठार.

लाईनचे सुपरवायझर शेखभाई पळत आले. "साळवे भाई, मशीन काय बोलतच नाय! ट्रक गेटावर उभाय. बिगर नंबरचा माल पार्टी घेत नाय. मागल्या टायमाला लाईन बंद पडली तर मलाच महिनाभर लाईनवरून हटवलं होतं!"

मला साहेबांचा लई राग आला. साहेब मात्र गुरुजींना विचारत होते, "पूजेत काही राहिलं का हो?"

मी सर्व्हर पुन्हा सुरू केला आणि मेनूतून जुनं कर्नेल निवडलं. मशीननं पहिल्या पार्टवर नंबर उमटवला. "या अल्ला, शुकर है!" म्हणत शेखभाईंनी हातात धरून ठेवलेला पूजेचा पेढा तोंडात टाकला. ट्रक भरायला लागला.

मग साहेबांना जुनं ठेवल्याचं खरं सांगणं भाग होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि निकाल दिला.

"मग ते नवं कशाला ठेवलंय? काढून टाका. चालतंय ते एकच ठेवा."

नव्यात सुरक्षेची भोकं बुजवलेली असतात, ड्रायव्हर आला की तेच लागणार, हे सांगायला तोंड उघडलं होतं. "हो साहेब," म्हणालो.

दोन्ही अजून आहेत. कर्नेलं कधीही दोन ठेवावीत, एक नवं आणि एक चालणारं. साहेब एकच मिळतो, त्याला इलाज नाही.