कुंकवाचा डाग

शेजारच्या देसाईकाकांनी ऑनलाइन मागवलेली विजेची सायकल आली. घडी होणारी, लिफ्टमध्ये मावणारी, परवडणारी. मुलाच्या सवडीची वाट न पाहता बाहेर पडता यावं, एवढ्याचसाठी त्यांनी ती घेतली होती. काकूंनी हँडलवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हार घातला, नारळ फोडला. मग काकांनी बटण दाबलं. सायकल जागची हलली नाही.

तक्रारीसोबत पाठवलेल्या फोटोंवर आज विक्रेत्याचं उत्तर आलं: ‘वस्तूवर लाल डाग आहेत. वापरलेली वस्तू परत घेतली जात नाही.’

आपण पूजा करतो, ती वस्तू आपली झाली म्हणून. या शास्त्रार्थावर त्या विक्रेत्याइतका ठाम राहणारा पुरोहितही मी पाहिलेला नाही.

“पुसून टाक ना. पुन्हा फोटो काढू,” काका म्हणाले.

“कुंकू? मी पुसू?” काकू म्हणाल्या. “जिभेला काही हाड?”

काकांनी स्वतःही फडकं उचललं नाही. मग फोन उचलून अगदी मऊ आवाजात मुलाला म्हणाले, “कामात नाहीस ना रे? नाही, घाई काही नाही. तुझ्या सवडीनं.”