प्लग काढलेलं मशीन

हवेतला धूर आणि बारीक धूळ मोजणारं मशीन मी पहिल्यांदा कुठे लावलं असेल? न्हाणीघरातल्या बंबाच्या डोक्यावर! आणि धारूरमध्ये माझं इलेक्ट्रिकचं दुकान आहे बरं का... दुसऱ्या दिवशी मोबाईलच्या नकाशावर सगळा परिसर हिरवा आणि एकटं आमचं घर जांभळं. पुण्याहून पुतणीचा फोन, "काका, घर पेटलंय का?"

हे आधीच सांगितलं, म्हणजे माझ्या हुशारीबद्दल कुणाचा गैरसमज नको. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. वायरीत करंट असेल तर वस्तू चालते, नसेल तर नाही — एवढंच माझं ज्ञान.

मशीन एका संस्थेनं दिलेलं. डबीएवढं, स्वस्तातलं. आत सिमकार्ड आहे, पण बॅटरी नाही. प्लग लावला तरच चालतं आणि आकडे थेट मोबाईलवर येतात. बंबावरून काढून ते मी आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, शेळ्यांच्या गोठ्यात लावलं. आबा किल्ल्याच्या खालच्या अंगाला वस्तीवर एकटे राहतात. त्यांना दमा आहे. तरी पावसाळ्यात माशा झाल्या की गोठ्यात लिंबाच्या पाल्याची धुरी करायची आणि आपणही शेळ्यांसोबत आतच बसायचं, ही जुनी खोड. हा धूर एखाद्या दिवशी जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मशीन लावल्यापासून आबांनी धुरी केली रे केली की माझ्या मोबाईलवर लाल. मी लगेच फोन करायचो, "आबा, बाहेर या."

"मशीन न्हाई, चुगलखोर हाय हे! कावून बसवलं रं?"

भादव्यातली दुपार. जेवायला घरी गेलतो. मोबाईल ताटाशेजारी. बायको, सुनंदा, भाकरी वाढता वाढता म्हणाली, "अहो, लाल झालंय बघा. मामा बसले पुन्हा धुरीला." सासऱ्यांना ती मामा म्हणते. मी फोन लावला... उचलला नाही. पुन्हा लावला... नाही. हात न धुताच गाडी काढली.

गोठ्याचं पत्र्याचं दार वाऱ्यानं आपटून बाहेरची कडी पडली होती. फटीतून धूर येत होता. कडी काढली तशा सगळ्या शेळ्या माझ्या अंगावरून गेल्या. मी लेंड्यांत आडवा. त्यांच्या मागून आबा — रांगत, छातीत घरघर. आणि पहिलं वाक्य काय, तर "आधी शेळ्या धर... सोयाबीनात घुसल्या बघ!"

दवाखान्यात ऑक्सिजन लावला, वाफ दिली. आणखी थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी आबांनी चहा मागितला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मग मी जरा रुबाबातच म्हणालो, "बघा, मशीनमुळं वाचलात!"

आबा खाली बघायला लागले. "कोणतं मशीन? सकाळीच काढलं की मी. खोलीत फळीवर हाय... तुला कळू नये म्हनून."

जाऊन पाहिलं. खरंच फळीवर, धोतराच्या फडक्यात बांधलेलं, वायरसुद्धा नीट गुंडाळलेली. मोबाईल उघडला तर सकाळपासून करडी रेघ — मशीन बंद. संस्थेतल्या मुलीनंही तपासलं. "काका, सकाळनंतर एकही आकडा आलेला नाही." जुना आकडा अडकून बसला म्हणावं, तर आदल्या दिवसापासून हिरवंच होतं. मग आम्ही नवराबायकोनं ताटाशेजारी लाल पाहिलं, ते काय होतं? मला आजही सांगता येत नाही.

आबांनी मात्र निकाल लावून टाकला: प्लग काढला तरी हे बघतंच! आता धुरी होते, पण गोठ्याचं दार सताड उघडं टाकून. आणि आबा लांब बाजेवर, वारं येतं त्या अंगाला. खोकला बराच कमी झालाय.

मला मात्र राहवेना. रविवारी मशीन घरी आणलं आणि पेचकस घेऊन उघडायला बसलो. सुनंदानं पेचकस हातातून काढून घेतला.

"काय शोधताय?"

"कारण."

"आन सापडलं, तर मामांना सांगणार?"

"सांगणारच की!"

"मग कावून शोधता? मामांची खोड मोडणं डॉक्टरला जमलं न्हाई, तुमाला जमलं न्हाई. ज्यानं कुणी जमवलं, त्याचं पोट कशाला फाडता?"