अण्णा आयसीयूत होते, मग माईंना गोळी कुणी दिली?

आधीच सांगून ठेवते — मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यातली नाही. इंदूरला सुदामा नगरमधल्या एका वृद्धाश्रमात मी नर्स आहे. सगळ्यांची औषधं माझ्या ताब्यात. कुणी 'घेतली' म्हटलं तरी मी तोंड उघडायला लावते, जीभ वर करून बघते! पाठीमागे मला थानेदारीण म्हणतात... म्हणू देत.

आमच्याकडे अण्णा आणि माई हे जोडपं राहतं. माईंना विसरण्याचा आजार आहे. हृदयाचे ठोके सांभाळणारी त्यांची एक गोळी रोज सकाळी पोटात जायलाच हवी, आणि ती त्या फक्त अण्णांच्या हातून घेतात. तेही फुकट नाही — अण्णांनी रोज नवा उखाणा घ्यायचा, माईंनी लाजायचं, मग तोंड उघडायचं. ऐंशीच्या घरातले दोघं! बाकी मंडळी पोह्यांच्या प्लेटा घेऊन बघायला हजर.

गेल्या थंडीत अण्णांना न्यूमोनिया झाला. तुकोगंजच्या एका हॉस्पिटलात आयसीयूत ठेवलं. माई घाबरतील म्हणून आम्ही सांगितलं, अण्णा पुतण्याकडे गेलेत. झालं! दोन दिवस माईंनी माझ्या हातची गोळी थुंकून टाकली. मी लाडीगोडी लावली, रागावले, शिऱ्यात लपवून दिली...

"तू नको. हे कुठे गेले?" एवढंच.

नाडी वेडीवाकडी चालायला लागली. डॉक्टर म्हणाले, उद्याही गोळी गेली नाही तर ॲडमिट करावं लागेल. अण्णा तिथे, माई इथे — माझा जीव टांगणीला लागला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसोबत किचनमध्ये उभ्या उभ्या पोहे खाल्ले आणि औषधांचं कपाट उघडलं. त्याची एकच चावी, ती माझ्या कमरेला. आत माईंच्या डबीतला त्या दिवसाचा कप्पा रिकामा! आदल्या संध्याकाळी मीच भरला होता. धावत खोलीत गेले, तर माई खुर्चीत बसून गालातल्या गालात हसत होत्या.

"माई, गोळी कुठे?"

"घेतली की! हे आत्ताच देऊन गेले. काय अवतार होता गं! आणि उखाणा ऐक —

हाताला टोचली सुई, नाकात घातली नळी,
सुमनचं नाव घेतो, आता खा बरं गोळी!"

नळीबद्दल माईंना कुणी अवाक्षर बोललं नव्हतं. जाताना माणूस असा निरोप घ्यायला येतो म्हणे... लगेच आयसीयूला फोन लावला.

"काकाजी? एकदम मस्त हैं, मैडम," तिथली सिस्टर हसत म्हणाली. "सुबह से चाय माँग रहे हैं!"

मी तिथेच खाली बसून रडले. मग डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, दुसरी गोळी मुळीच देऊ नका, डबल डोस झाला तर जड जाईल. नाडी बघत राहा. दुपारपर्यंत नाडी अगदी शहाण्यासारखी चालू लागली. गोळी पोटात गेली होती, हे नक्की.

संध्याकाळी अण्णांना भेटायला गेले. मी काही बोलायच्या आतच त्यांनी विचारलं, "घेतली ना तिनं, वैशाली? नळीवाला उखाणा जमला ना? बढिया!"

आठवड्याने अण्णा परत आले तेव्हा आश्रमात दिवाळी होती नुसती. फाटकात रांगोळी, गरम जलेबी, आणि माई नवी साडी नेसून पुढे. त्या गडबडीत मी अण्णांना बाजूला घेतलं.

"अण्णा, खरं सांगा. कपाट बंद, चावी माझ्याकडे. गोळी काढली कशी?"

"अगं, मला काय विचारते? कपाट तर तूच उघडून दिलं. वर म्हणाली, चलो अण्णा, जल्दी करो, माई वाट बघतायत."

मी तेव्हा किचनमध्ये होते, सगळ्यांनी बघितलंय. याचा उलगडा मला आजही झालेला नाही. पण ते कपाट खरंच मी उघडलं असेल ना, तर एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्याहून चांगलं काम माझ्या हातून झालेलं नाही.