तिसऱ्याची जागा

कपडे धुवायचं मशीन बिघडलं की या भागातले लोक ज्याला बोलावतात, त्याला सगळे मेकॅनिक म्हणतात. चष्म्याच्या दुकानात काम करणारी त्याची बायकोसुद्धा मैत्रिणींशी बोलताना ‘आमचे मेकॅनिक’ असंच म्हणते. माणूस पंचेचाळिशीचा, बोलायला कमी, गुडघ्यांनी थकलेला. दिवसभर लोकांच्या न्हाणीघरांत उकिडवा बसून तो मशीनचा ड्रम हातानं फिरवतो, कान लावतो आणि बेअरिंग गेलंय की पट्टा सैल झालाय ते सांगतो. संध्याकाळी घरी येऊन आंघोळ करतो, मागच्या खोलीत जाऊन संगणक सुरू करतो आणि आफ्रो हाउस बनवतो.

हे नाचायचं संगीत. खाली एकसारखा ठोका, फरशीसारखा सपाट. वर तीन-चार तालवाद्यं, प्रत्येक दुसऱ्याच्या फटीत बसलेलं. यातलं एकही वाद्य मेकॅनिकला वाजवता येत नाही, आणि त्यावाचून अडतही नाही. तालाचे तुकडे, गळ्याचे आवाज, टाळ्या हे सगळं कुणीतरी कुठंतरी रेकॉर्ड करून ठेवलेलं असतं. त्याचे सॅम्पल पॅक मिळतात. सिंथेसायझरवर आधीच जुळवून ठेवलेल्या सुरांचे प्रीसेट पॅक मिळतात. अर्धं कसब निवडण्यात असतं, आणि निवडीच्या बाबतीत मेकॅनिक हट्टी आहे.

मुखपृष्ठावर जंगल, वाघाचे डोळे आणि आत हजारो आवाज असला पॅक तो उघडतही नाही. “नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा,” म्हणतो. त्याला लहान पॅक आवडतात, एका खोलीत, एका बैठकीत रेकॉर्ड केलेले. प्रीसेट हाती आला की आधी त्यावरचा घुमारा आणि प्रतिध्वनी बंद करतो. स्नो-पावडर उतरल्यावर चेहरा कसा दिसतो ते बघायचं. आणि लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा तालाचा तुकडा, निवडताना तो एकच गोष्ट बघतो: त्यात मोकळी जागा आहे का. “ज्या लूपमध्ये सगळे एकदम बोलतायत, तिथं मी काय बोलणार?” जागा सोडलेला लूप सापडला की तो खूश.

शेवटची परीक्षा घरात होते. निवडलेला लूप तो पुढच्या खोलीतल्या स्पीकरवर लावून देतो आणि कुणाला काही न सांगता घरातल्यांचे पाय बघत बसतो. कुणी विचारलं, “हे काय लावलंय?” तर लूप बाद. बोलता बोलता कुणाची टाच हलायला लागली तर पास. बायको भाजी चिरत असली तर सुरी लूपच्या नादी लागते का, तेही तो बघतो.

“बघायला आले तेव्हा चेहरा बघून होकार दिला होता,” बायको म्हणते. “आता नजर पायांच्या वर येत नाही.”

पुढच्या खोलीत त्याच्या आईचा पलंग आहे. आईनं उभा जन्म एका कचेरीत टायपिंग केलं. निवृत्तीनंतर तिला अर्धांगवायू झाला. पाय हळूहळू सुधारला, वाचा परत आली, डावा हात मात्र आला नाही. कोपराखाली त्यात काहीच उरलं नव्हतं. पलंगावर त्याच्यासाठी वेगळी उशी होती, पाहुण्याला देतात तशी.

मागच्या वर्षी एका छोट्या लेबलनं, म्हणजे संगीत प्रसिद्ध करणाऱ्या कंपनीनं, मेकॅनिकला सांगितलं की ट्रॅक चांगला झाला तर ते प्रसिद्ध करतील. लेबल चालवणारा माणूस दिवसा गाड्यांचा विमा विकतो. त्यानं पॅक बनवणाऱ्या एकाचा नमुना पॅक पाठवला, मोजकेच लूप असलेला, फुकट ऐकायला दिलेला. त्यातला एक लूप मेकॅनिकला जाम आवडला. हातानं वाजवलेली दोन वाद्यं, सुकं लाकूड आणि ताणलेलं कातडं, आणि दोघांच्या मध्ये ऐसपैस जागा. सुट्टीच्या दिवशी दुपारी त्यानं तो पुढच्या खोलीत लावला आणि पाय बघत बसला.

बायकोचे पाय स्थिर होते. आईचेही. पण उशीवरचा डावा हात वाजत होता.

बोटं नीट उठत होती, उशीच्या अभ्र्यावर पडत होती. मधूनच अंगठा. मेकॅनिक उठला, पुन्हा बसला. बायकोच्या हातातली सुरी थांबली.

“आई,” ती हळूच म्हणाली, “हात बघा.”

“बघतेय मघापासून,” आई म्हणाली. तिचा आवाज आनंदाचा नव्हता.

लूप बंद केला, हात थांबला. पुन्हा लावला, लूपची चार वळणं झाल्यावर पुन्हा उठला.

फिजिओथेरपीसाठी येणाऱ्या मुलीला दुसऱ्या दिवशी हे दाखवलं तेव्हा तिनं आईला मिठीच मारली. तालामुळे असं होतं, ती म्हणाली. मेंदूला जुनी वाट सापडते. आजी आयुष्यभर टायपिंग करत होत्या, बोटांना ते आठवतंय. काका, रोज लावा.

“टायपिंग मला शिकवू नकोस गं,” आई म्हणाली. “दोन शब्दांमध्ये जागा सोडायची पट्टी मी उजव्या अंगठ्यानं दाबायची. डाव्या अंगठ्याला कचेरीत कधी काही काम नव्हतं. हा बघ, अंगठ्यानंच जास्त वाजवतोय.”

“आजी, तो म्हणजे तुम्हीच.”

“मग मी सांगते तेव्हा का थांबत नाही?”

मुलीनं आईच्या तळव्यात चमचा दिला. धर म्हटलं तर बोटं मिटेनात. लूप लावला तर बोटांनी चमचा बाजूला सारला आणि उशी मोकळी करून घेतली.

तरी मेकॅनिक रोज लूप लावू लागला. कामावरून आला की आधी आईपाशी. वर्ष-दीड वर्ष त्यानं तो हात पुसला होता, तेल लावून चोळला होता, घडी करून पांघरुणात घातला होता. तो हलताना बघणं त्याला पुरेसं होतं. कोणाच्या सांगण्यावरून हलतो, हा प्रश्न त्याच्या लेखी नंतरचा होता. हळूहळू हात जोरकस झाला. मनगट उचललं जाऊ लागलं. उशीवर आवाज येत नाही म्हणून की काय, तो सरकत सरकत पलंगाच्या लाकडी कडेला जाऊन वाजवू लागला.

आई चेष्टा करायची. “आपला हात जगन्नाथ म्हणतात. माझा कुणाचा नाथ झालाय, देव जाणे.” पण लूप चालू असताना ती हाताकडे पाठ करायला बघायची, आणि स्वतःच्या हाताकडे पाठ कशी करणार?

“दोघं जण वाजवतात त्यात,” एकदा ती म्हणाली.

“हो. दोन वाद्यं आहेत.”

“तिसऱ्याला बसायला जागा नव्हती, म्हणून तो इकडे आलाय.”

“आई, काहीतरीच.”

“बरं, काहीतरीच.”

मेकॅनिकला मात्र त्या वाजण्यात एक गोष्ट दिसली होती, आणि ती त्याच्या धंद्याची होती. हात लूपच्या ठोक्यांवर पडतच नव्हता. दोन वाद्यांनी सोडलेल्या जागेत पडत होता, आणि फार सुरेख. त्यानं पलंगाच्या कडेला छोटा माइक चिकटवला आणि आईचा हात रेकॉर्ड केला. दर चौथ्या वळणाच्या शेवटी एक ठोका किंचित उशिरा यायचा. तेवढी कमजोरी राहणारच, त्यानं ठरवलं, आणि ट्रॅकमध्ये तो ठोका तसाच ठेवला. आईचा हात आपल्या पहिल्या ट्रॅकवर असणार, याचा त्याला अभिमान वाटला. त्याच्यासारखं काम करणाऱ्या कुणालाही वाटला असता.

बायको आईच्या बाजूनं झाली ती एका संध्याकाळी. मेकॅनिक लूप लावून मागच्या खोलीत गेला होता. ती चहा घेऊन आली तेव्हा आई उताणी पडलेली होती, ओठ घट्ट मिटलेले, आणि डावा हात तिच्या छातीवर होता. तो वाजवत होता. छातीचा आवाज उशीपेक्षा आणि लाकडापेक्षाही चांगला येत होता. आई उजव्या हातानं मनगट धरून त्याला खाली ओढत होती, आणि तिला जमत नव्हतं.

बायकोनं कप खाली ठेवला आणि स्पीकरची वायर भिंतीतून उपटली.

“अहो,” मेकॅनिक धावत आल्यावर ती म्हणाली, “पुन्हा हे लावायचं नाही.”

“हात किती वर आला बघितलंस? छातीपर्यंत?”

“आईंना विचारलंत?”

आईला धाप लागली होती. धाप बसेपर्यंत तिनं दोघांना थांबवलं. मग म्हणाली, “मेलेला होता, पण माझा होता. झोपले की माझ्या शेजारी झोपायचा. आता हा माझ्यात राहतो आणि मला विचारत नाही.”

“नसा जाग्या होतायत, आई. थोडं सहन कर.”

“नसा माझ्या. जाग कोणाची?”

मेकॅनिक दोनच दिवस थांबू म्हणाला, आणि दोन दिवस खरंच थांबला.

याच सुमारास लेबलवाल्याचा फोन आला. ट्रॅक उत्तम आहे, पण फुकट नमुन्यातला लूप प्रसिद्ध करता येत नाही. पूर्ण पॅक रीतसर विकत घे. मेकॅनिकनं घेतला. नमुना लूप त्यात होताच, सुट्या थरांसकट, म्हणजे प्रत्येक वाद्याची वेगळी फाइल. नमुना देताना बनवणारे एखादा थर काढून ठेवतात, म्हणजे पूर्ण पॅक घ्यावासा वाटतो. ही या धंद्यातली जुनी खोड. त्याला ती माहीत होती. तरीही ज्या मोकळ्या जागेवर तो भाळला होता ती कुणी मुद्दाम रिकामी केली असेल, हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. जागा दिसली की तो बाकी काही बघत नाही.

थर तीन होते.

तिसरा त्यानं लगेच ऐकला नाही. आधी पडद्यावर आईच्या हाताच्या रेकॉर्डिंगखाली ओढून ठेवला. ठोक्यांचे उंचवटे दिसतात, एकाखाली एक. पहिल्या वळणात ते जुळले. दुसऱ्यात, तिसऱ्यात जुळले. चौथ्याच्या शेवटी, जिथं आईचा हात कमजोरीमुळे उशीर करतो असं त्यानं धरलं होतं, तिथं तिसऱ्या वादकानंही तेवढाच उशीर केला होता.

त्यानं बायकोला बोलावलं. तिनं पडदा बघितला, तिला त्यातलं फारसं कळत नाही, पण दोन ओळी सारख्या आहेत हे कळायला काय लागतं?

“हे आधी कुठं ऐकलं होतं का आईंनी?”

“मीच आज पहिल्यांदा उघडलंय.”

“मग आता काय करायचं?”

त्याला एकच उपाय सुचला, आणि तोही मशीनवाल्याचाच होता: भाग निघालेला असेल तर जागेवर बसवून बघायचा. आईला विचारून, तिनं मान हलवल्यावर, त्यानं आधी रिकामा लूप लावला. हात उठला आणि अंथरुणावर वाजू लागला. बायकोनं आईचा उजवा हात धरला होता. मग त्यानं तिसरा थर चालू केला.

हात हवेतच थांबला. पुढचा ठोका पडायला हवा होता तो स्पीकरमधून आला, त्याच जागी, तसाच. हात क्षणभर तसाच राहिला, कुणी आपल्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलेलं बघून दारात थबकावं तसा. मग खाली आला आणि उशीवर पालथा पडला. बोटं सैल झाली.

“गेला,” आई म्हणाली.

फिजिओथेरपीची मुलगी पुढच्या वेळी आली तेव्हा तिला हळहळ वाटली. काय बंद केलं, का बंद केलं, थोडी तरी आशा होती. मेकॅनिकलाही ती आशा होती. अजून पूर्ण गेलेली नव्हती. संगणकावर एक बटण दाबलं की तिसरा थर गप्प होणार आणि आईचा हात उठणार, हे त्याला माहीत होतं. ते आईलाही माहीत होतं.

“तू दाबशील,” मुलगी गेल्यावर ती म्हणाली. “माझ्यावरच्या मायेनं दाबशील. म्हणून सांगते. मी एका हातानं जेवते, एका हातानं केस विंचरते, माझं काही अडलेलं नाही. तुला दोन हातांची आई हवी आहे.”

तो मागच्या खोलीत गेला. रिकामा लूप त्यानं पुसला, नमुना पुसला, आईच्या हाताचं रेकॉर्डिंग पुसलं. तीन थर एकत्र करून त्यांची एकच फाइल केली, पुन्हा कुणाला वेगळे करता येणार नाहीत अशी, आणि सुटे थर पुसले.

ट्रॅक लेबलवाल्याकडे गेला. त्याचं म्हणणं, मध्यावर ताल काढून घे, दोनच वाद्यं ठेव, नाचणाऱ्यांना श्वास घेऊ दे. मग सगळं एकदम परत आण. सगळेच असं करतात. मेकॅनिकही करायचा.

“यात नाही जमणार.”

“का? सुटे थर पाठव, मी करतो.”

“पुसले.”

“अरे, ठार वेडा आहेस का? सुरुवातीपासून शेवटपर्यंत तो एक जण थांबतच नाही. लोक म्हणतील, मानगुटीवर बसलाय.”

“बसू दे. तिथंच बसलेला बरा.”

लेबलवाल्यानं ट्रॅक घेतला नाही. पुढच्या वेळी बघू, म्हणाला. नवे पॅक मेकॅनिक अजून निवडतो, पण आता नमुन्यावरून नाही. पूर्ण पॅक घेतो, किती जण वाजवतायत ते आधी मोजतो आणि मगच पुढच्या खोलीत लावतो. मोकळी जागा असलेला लूप आला की पुढे सरकतो. त्याचं संगीत त्यामुळे जरा दाटीवाटीचं झालंय, हे त्यालाही कळतं.

मागच्या खोलीतून ठोका सुरू झाला की आई पलंगावरून हाक मारते.

“सगळे आहेत ना रे आत?”

“आहेत.”

मग ती उजव्या हातानं डावा हात उचलून मांडीवर घेते आणि सुनेला नेलकटर आणायला सांगते. बोटं जिथं ठेवावी तिथं राहतात. नखं मात्र दोन्ही हातांची सारखीच वाढतात.