घरघंटी विकणे आहे

जाहिरात टाकून मी फोन ओट्यावर ठेवला आणि कुकर उतरवेपर्यंत पहिला मेसेज आलासुद्धा. "लास्ट प्राइस बोलो." ना नमस्कार, ना कुठले, कोण. अरे, पहिली प्राइस तरी वाचलीस का? मी उत्तर दिलं, "आधी आपण कोण ते सांगावे." समोरून नुसता अंगठा आला आणि तो गृहस्थ या पृथ्वीतलावरून नाहीसा झाला.

डोंबिवलीतली आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली होती. सोमवारी सकाळी बिल्डरच्या माणसाच्या हातात किल्ली द्यायची आणि पुढची तीन वर्षं भाड्याच्या वन रूम किचनमध्ये काढायची. बिल्डर म्हणतो तीन, म्हणजे धरून चाला पाच. त्या खोलीत एक तर घरघंटी मावणार होती, नाहीतर नवरा. छोट्या कपाटाएवढी घरघंटी, बारा वर्षं घरातलं सगळं दळण तिच्यावर झालेलं, एकदाही कुरकुर नाही. नवऱ्याबद्दल असं म्हणता येत नाही, पण त्याला गिऱ्हाईक नव्हतं.

ॲपवर जाहिरात मुलीने टाकून दिली, खालचा मजकूर मात्र माझा. "कृपया नमस्कार करून बोलावे. वस्तू बघितल्याशिवाय भाव पाडू नये. वेळ देऊन न येणाऱ्यांनी मेसेजच करू नये." मुलगी म्हणाली, "आई, ही जाहिरात आहे का सोसायटीची नोटीस?" म्हटलं, असू दे. माणसाला रीतभात नको? कुणाच्या घरात शिरताना आपण चपला तरी बाहेर काढतो की नाही!

पण रीतभात कसली नि काय. एकाने विचारलं, बदल्यात गिटार चालेल का. एका बाईने तीन दिवस जाळ्यांचे फोटो मागवले. बारीक जाळी, जाड जाळी, जाळीची मागची बाजू. चौथ्या दिवशी लिहिलं, "ॲक्च्युली मला मिक्सर हवा होता." कल्याणहून एक कुटुंब बघायला आलं, चांगले पाच जण. मी पोहे केले. आता दारात आलेल्या माणसाला नुसत्या पाण्यावर कसं पाठवायचं? त्यांनी पोहे दोनदा घेतले, घरघंटीपुढे उभं राहून सेल्फी काढला आणि त्यांच्यातले आजोबा निघताना म्हणाले, "विचार करून कळवतो." नवरा मला म्हणाला, "अगं, तू मशीन विकतेयस का मुलगी दाखवतेयस?"

त्यातून सोफ्याचं झालं ते वेगळंच. टिटवाळ्याच्या एका माणसाने सोफा घेतो म्हणून तीनदा वेळ दिली आणि तिन्ही वेळा "निघालोय" म्हणून मेसेज केला. निघाला असेलही बिचारा, अजून पोचायचाय. शेवटी सोफा भंगारवाल्याला दिला, आणि त्या दिवशी मी अख्ख्या जगाचा उद्धार केला. माणसाच्या शब्दाला काही किंमत राहिलीय की नाही, असं नवऱ्याला चारदा विचारलं. तो म्हणाला, "मला कशाला विचारतेस, मी कुठे टिटवाळ्याला राहतो?"

अशात दिव्याच्या बाईचा मेसेज आला, बोलून पाठवलेला. "नमस्कार ताई. मी दिव्याहून बोलतेय. तुमची घरघंटी बघितली. वेळ असेल तेव्हा फोन करू का?" नमस्कार केला, गाव सांगितलं, वर काकू न म्हणता ताई म्हणाली. माझ्याकडून निम्मा व्यवहार तिथेच झाला. मीच फोन लावला.

ती घरी भाजण्या आणि नाचणीचं पीठ करून विकायची. दळण गिरणीत द्यायची, पण गिरणीवाला मिरची दळून झाली की त्यावरच हिची नाचणी ओतायचा. "परवा एका बाळाच्या आईचा फोन आला, ताई. म्हणे पोरगं खीर खाऊन हाय हाय करतंय." मी पोट धरून हसले, तीही हसली. मग म्हणाली, "हसू येतं हो, पण गिऱ्हाईक तुटतं ना." किंमत थोडी कमी होईल का, असं तिने एकदाच विचारलं आणि मी जेवढी कमी केली तेवढी लगेच मान्य केली. टेम्पो रविवारी मिळणार होता. रविवारी सकाळी नऊला येते म्हणाली. "ॲडव्हान्स किती पाठवू?"

इथे माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे. "ॲडव्हान्स-बिडव्हान्स काही नको हो," मी म्हणाले. "शब्द दिला म्हणजे दिला. घरघंटी तुमची."

ती म्हणाली, "नक्की ना ताई? म्हणजे कसं, दिवाळीसाठी चकलीच्या भाजणीची एक ऑर्डर आलीय. वीस किलोची. एवढी मोठी मी कधी घेतली नाही. मशीन येणार असेल तरच हो म्हणते."

"बिनधास्त हो म्हणा!" मी म्हणाले. फोन ठेवल्यावर दिवसभर मी स्वतःवरच खूश होते.

शनिवारी दुपारी बाळकुमच्या एका गृहस्थांचा मेसेज आला. "नमस्कार. आपल्या विश्रांतीची वेळ नसेल तर फोन करू का?" वाचूनच मी विरघळले. त्यांना म्हटलं, अहो, ती दिलीय एकांना. ते म्हणाले, "हरकत नाही. मी इकडे डोंबिवलीतच आलोय, नुसती बघून जाऊ का? नवीन घेताना अंदाज येईल." चारला येतो म्हणाले आणि चारला आले. चपला जिन्यात काढल्या. हातात पेढ्यांचा पुडा. घरघंटीचं दार उघडण्याआधी "उघडू का?" विचारलं. जाळ्या हातात घेऊन म्हणाले, "किती जपून वापरलीत हो!" बारा वर्षांत घरातल्या एकाने तरी हे म्हटलं होतं का? मग खाली मान घालून म्हणाले, "आपण जाहिरातीत लिहिलेली पूर्ण किंमत मी आत्ता देतो. टेम्पो खाली आहे, दोन माणसंही आहेत. पण आपण शब्द दिला असेल तर आग्रह नाही."

नवऱ्याने मला स्वयंपाकघरात बोलावलं. "उद्या ती आलीच नाही तर? टिटवाळ्याचं विसरलीस? परवा सकाळी किल्ली द्यायचीय. तीन मजले, लिफ्ट नाही. हे धूड काय मी डोक्यावर घेऊन उतरू?" त्याच्यावर ढकलायला बरं आहे, पण खरं सांगते, मी आधीच डळमळले होते. मला हवं तसं गिऱ्हाईक आयुष्यात पहिल्यांदा दारात उभं होतं. पंधरा मिनिटांत घरघंटी खाली गेली.

आता दिव्याच्या बाईला काय सांगायचं? तीनदा तिचा नंबर काढला, तीनदा बंद केला. शेवटी टाइप केलं, "ताई, वाईट बातमी आहे. घरघंटीची मोटर आज अचानक जळली. माफ करा." पाठवलं आणि एक पेढा तोंडात टाकला.

पाच मिनिटांत उत्तर आलं. "अरेरे! ताई, तुम्ही अजिबात काळजी करू नका. आमचे दीर मोटर वाइंडिंगचंच काम करतात. जळलेली चालेल. ठरल्याप्रमाणे उद्या नऊला येतो." खाली हात जोडलेले. दुसऱ्या पेढ्याला लावलेला हात मी मागे घेतला.

"आता गं?" नवरा म्हणाला.

"आता काय, मशीन चोरीला गेली म्हणून सांगते."

"आधी जळली, मग चोरीला गेली? चोर काय इलेक्ट्रिशियन होता?"

मी बाळकुमच्या त्या गृहस्थांना फोन केला. परत मागायचीच, असं ठरवून केला. ते म्हणाले, "बोला ताई! आमच्या सौंनी हळदकुंकू वाहून ज्वारी दळायला घेतलीसुद्धा. काही काम होतं का?" "नाही, नीट पोचली ना, एवढंच विचारायचं होतं," मी म्हणाले. तर म्हणतात कसे, "किती आपुलकीने चौकशी करता!"

सकाळी उठल्या उठल्या दिव्याला फोन करायचा, असं ठरवून झोपले. सकाळी आधी आंघोळ केली, मग भांडी बांधली, मग चहा घेतला. नऊला पाच कमी असताना बेल वाजली.

किडकिडीत, पस्तिशीची असेल. तीन मजले चढून धापा टाकत होती, पण तोंडभर हसली. हातातल्या पिशवीतून नारळ डोकावत होता. मागे दीर उभे होते, एका हातात हत्यारांची पेटी, दुसऱ्या हातात तांब्याच्या तारेचं रीळ. ते आत येऊन इकडेतिकडे बघायला लागले. भिंतीपाशी लादीवर स्वच्छ चौकोन उमटला होता, बाकी काही नव्हतं.

"कुठंय हो मशीन?" त्यांनी विचारलं.

"मोटर जळली नव्हती," मी म्हणाले. "काल मी ती दुसऱ्यांना विकली. तुम्हाला खोटं लिहिलं."

दीर तोंड उघडणार होते, तिने हातानेच त्यांना गप्प केलं. मग मला म्हणाली, "म्हणजे मशीन चांगली आहे?"

"हो."

"मग बरंय. मला काल फार वाईट वाटलेलं. म्हटलं, ऐन घर सोडताना यांचं नुकसान झालं. आम्ही ठरवून आलेलो ताई, जळली म्हणून एक रुपया कमी द्यायचा नाही. ठरलेत तेवढे पूर्ण द्यायचे."

चहा टाकते म्हणाले, तर नको म्हणाली. पाणी घेतलं नाही. मी कसंबसं विचारलं, "आणि तुमची ऑर्डर?" ती म्हणाली, "बघते." पिशवी सावरून ती बाहेर पडली, मागून दीर. मी दार लावून घेतलं.

ती लगेच उतरली नाही. दाराबाहेर जिन्यातच तिने कुणाला तरी फोन लावला. "नमस्कार ताई, दिव्याहून बोलतेय. तुमची वीस किलोची भाजणी माझ्याच्याने होणार नाही. मशीन मिळणार होती ती मिळाली नाही. नाही, नाही, त्यांची काही चूक नाही. मीच हातात यायच्या आधी तुम्हाला हो म्हटलं. आज सांगते म्हणजे तुम्हाला दुसरीकडे बघता येईल." मग बराच वेळ ती नुसतं "हो ताई, हो ताई" म्हणत राहिली. पलीकडची बाई चांगलीच चिडली असणार.

मी आत कडीवर हात ठेवून उभी होते. दार उघडायचं, तो फोन तिच्या हातातून घ्यायचा आणि त्या बाईला सांगायचं की चूक हिची नाही, माझी आहे. एवढंच करायचं होतं. दोघं जिना उतरून गेली तरी मी तिथेच उभी होते.